आईची पाठ आणि माझ्या स्प्रिंगा

चाळिशीत माणसाला एखादे खूळ लागते. मला लागले मोटारीचे! कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमचे बिऱ्हाड. तिथे मी एक जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली. दोनच माणसांची ही उघडी गाडी १९८९ साली प्रथम बाजारात आली. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. गाडी मुळातच गुणी. पण गुणी वस्तूला सुखाने राहू देईल तो हौशी माणूस कसला!

दीड तासाच्या वाटेवर लगूना सेकाचा शर्यतीचा ट्रॅक आहे. १९५७ सालचा, लांबी ३.६ किलोमीटर, वळणे ११. ठरावीक दिवशी पैसे भरून आपली गाडी तिथे पळवता येते. त्यासाठी मी अतिशय कडक स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी दोन इंच खाली आणली. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. पैसे वाचवले ना!

त्याच सुमारास पुण्याहून आई आली. पहिल्याच फेरीत एका खड्ड्यात असा गचका बसला की तिची पाठ आठ दिवस धरली. "अरे, बैलगाडीत बसले आहे मी; पण तिला निदान बैलांची दया यायची!" ती म्हणाली. मी ओशाळलो, पण शहाणा झालो नाही.

पुढच्याच आठवड्यात ट्रॅकवर गेलो. कॉर्कस्क्रू नावाच्या वळणावर रस्ता एकदम सुमारे १८ मीटर खाली उतरतो. तिथे मागचे चाक टणकन उडाले, गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने वाळूत जाऊन थांबली. लागले काही नाही; पण हात बराच वेळ कापत होते.

एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी तपासली. "स्प्रिंग भार पेलते, शॉक ॲब्सॉर्बर तिची उसळी शमवतो," तो म्हणाला. "तुमच्या स्प्रिंगा तरुण आणि त्यांना आवरणारा म्हातारा! शिवाय गाडी इतकी खाली की चाकाला वर सरकायला जागाच नाही. ते रबरी ठोकळ्यावर आपटते. टायर जमिनीला टेकलेला असेल तरच पकड. हवेतल्या टायरला कसली पकड?"

माझ्दाने ज्या गाडीचा आदर्श ठेवला, त्या १९६२ च्या लोटस एलानच्या स्प्रिंगाही मऊच होत्या, हेही त्याने सांगितले.

मग त्याने मूळच्यापेक्षा थोड्याच कडक स्प्रिंगा घातल्या. त्यांना जुळणारे, कमीजास्त करता येणारे शॉक ॲब्सॉर्बर बसवले, गाडी एक इंच उचलली आणि चाकांची अलाइनमेंट केली. आता ट्रॅकवर पोचलो की शॉक ॲब्सॉर्बरचे बटण चार घरे आवळायचे, परतताना तेवढेच सैल करायचे. मऊ झालेली गाडी फेरीमागे तीन सेकंद आधी येऊ लागली!

परवा आईला त्याच रस्त्याने नेले. खड्डा मागे पडला तेव्हा ती पेंगत होती. घरी उतरताना मात्र म्हणाली, "म्हणजे एवढे पैसे घालून गाडी पहिल्यासारखी केलीस म्हणायची!"