गरम वाऱ्यावरचा स्वयंपाक

मुळा नदीच्या काठचे, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला लागून असलेले महाळुंगे २०२१मध्ये पुणे महापालिकेत आले. त्याच्या कितीतरी आधीपासून हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या नोकऱ्यांनी इथल्या शेतजमिनीवर सोसायट्या उभ्या करायला सुरुवात केली होती. या नव्या घरांच्या ओट्यावर आता शेगडीशेजारी एक चौकोनी यंत्र हमखास दिसते. कुणाकडे पंख्याचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), कुणाकडे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, तर कुणाकडे एअर फ्रायर. दसरा-दिवाळीच्या खरेदीत ते घरात येते, पहिले काही दिवस हौसेने केक आणि फ्रेंच फ्राइज होतात, आणि मग बऱ्याच घरांत त्याचा उपयोग तवे-ताटल्या ठेवण्यापुरता उरतो.

याचे कारण आळस नाही. सोबतच्या पुस्तिकेत पिझ्झा असतो, रोस्ट चिकन असते. थालीपिठाची भाजणी, भरीत, अळूवडी नसते. त्यातच दुकानात हे यंत्र ‘बिनतेलाचे तळण’ म्हणून विकले जाते. घरी आल्यावर पहिला बटाटेवडा त्यात घातला जातो, तो फसतो, आणि यंत्रावरचा विश्वासच उडतो. खरे तर तळणात त्याची परीक्षा घेणेच चूक आहे. आपल्या स्वयंपाकात भाजण्याचे जे भलेमोठे दालन आहे, ते या यंत्राचे घर आहे. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे, डाळी, वांगी, रताळी, मसाला: आपली निम्मी चव भाजण्यातून येते. वरून-खालून आच देणेही आपल्याला नवे नाही. कोकणात काकडीची तवसळी भाजताना पातेल्याखाली आच आणि झाकणावर निखारे ठेवत. गोव्यातली बेबिंका एकेक थर ओतून वरच्या आचेवर भाजली जाते. रायगडच्या पोपटीत वालाच्या शेंगांचे मडके चहूबाजूंनी आगीत असते. पंख्याच्या ओव्हनने या चौफेर आचेला फक्त वाऱ्याची जोड दिली आहे.

पंखा नेमके काय करतो?

साध्या ओव्हनमध्ये हवा जवळजवळ स्थिर असते. पदार्थ तापला की त्यातून वाफ निघते. ही वाफ आणि त्यामानाने थंड असलेली हवा पदार्थाभोवती पांघरुणासारखी साचून राहते. बाहेरची उष्णता आत पोचायला तिचाच अडथळा होतो. पंखा हे पांघरूण सतत ओढून काढतो. त्यामुळे उष्णता लवकर आत शिरते आणि पृष्ठभाग लवकर सुकतो. हे सुकणे महत्त्वाचे, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे सहसा जात नाही. खमंग तपकिरी रंग आणि वास देणारी रासायनिक प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

यातून पहिला नियम निघतो. कृती साध्या ओव्हनसाठी लिहिलेली असेल, तर पंख्याच्या ओव्हनमध्ये तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवा. १८० अंश लिहिले असेल तर १६० ते १६५. आणि सांगितलेल्या वेळेचा पाऊण भाग झाला की एकदा पदार्थ पाहा. मोठ्या ओटीजीत वारा मंद असतो. एअर फ्रायरची जागा लहान आणि पंखा जोरकस, म्हणून तिथे हा फरक अधिक जाणवतो. पंख्याने गरम हवा फिरवण्याची कल्पना एअर फ्रायरच्या बरीच आधीची आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी पंख्याचा ओव्हन तयार केला होता. फिलिप्सने आपला एअर फ्रायर बाजारात आणला तो २०१०मध्ये.

दुसरा नियम तेलाबद्दल. तापलेले तेल आणि तापलेली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक लिटर तेलात दर अंशामागे जेवढी उष्णता मावते, ती एक लिटर गरम हवेच्या दोन हजार पटींहून अधिक असते. म्हणून कढईत पडताक्षणी बेसनाचे पीठ फुलून घट्ट होते. हवेत तेच पीठ घट्ट होण्याआधी ओघळते आणि जाळीतून खाली टपकते. पंखा कितीही जोरात फिरला तरी हे अंतर भरून निघत नाही.

सुरुवात शेंगदाण्यांपासून

घरात रोज कूट लागते, त्यामुळे हा पहिला पदार्थ. ओटीजीच्या ट्रेमध्ये शेंगदाणे एका थरात पसरा, १५० ते १६० अंशांवर ठेवा आणि पाच-सहा मिनिटांनी एकदा परता. बारा ते पंधरा मिनिटांत ते होतात. एखादा दाणा फोडून पाहा: आतून फिकट बदामी दिसला की लगेच बाहेर काढून दुसऱ्या ताटात पसरा. गरम ट्रेमध्ये ते भाजतच राहतात, म्हणून हव्या त्या रंगाच्या किंचित आधी थांबायचे. कढईत काळे डाग पडतात आणि मधला भाग कच्चा राहतो, ते इथे होत नाही. साले मात्र गार झाल्यावर बाहेरच चोळा. एअर फ्रायरमध्ये सुटी झालेली साले उडून कॉइलवर जातात.

थालीपिठाच्या भाजणीलाही हेच लागू. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे यांना प्रत्येकी वेगळा वेळ लागतो. ते एकत्र भाजले तर धणे जळतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. एकेक धान्य पातळ थरात भाजा. किलो-दोन किलो भाजणी करायची असेल, तर कढईसमोर झारा घेऊन तास-दीड तास उभे राहणे वाचते. पाठदुखी असलेल्या घरच्या ज्येष्ठांसाठी ही सोय लहान नाही. मूठभर रवा किंवा दोन चमचे तिळांसाठी मात्र ओव्हन तापवू नका. ते काम कढईत पाच मिनिटांचे आहे.

आधी वाफ, मग वारा

कोथिंबीर वडी आणि अळूवडी या यंत्रात उत्तम होतात, कारण वाफवल्यामुळे त्यांचे पीठ आधीच घट्ट झालेले असते. वाऱ्याला फक्त पृष्ठभाग खरपूस करायचा असतो. वाफवलेला उंडा पूर्ण गार होऊ द्या. घाईने कापला तर कडा चुरतात. बोटभर जाडीच्या वड्या कापा, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा आणि एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडा. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर आठ मिनिटे, मग उलटून आणखी सहा-सात मिनिटे. आधी कडा लालसर होतात, मग तीळ रंग धरतात. कोथिंबिरीची टोके बाहेर लोंबत असतील तर ती काळी पडून कडवट लागतात, म्हणून कापल्यावर बोटाने आत दाबा. तळलेल्या वडीसारखे आतपर्यंत मुरलेले तेल इथे नसते. चव थोडी कोरडी, पण कोथिंबीर आणि आले-मिरची अधिक स्पष्ट लागते.

भरिताचे वांगेही जमते, पण अर्धेच. तेलाचा हात लावून, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून, २०० अंशांवर अर्धा तास ठेवा. न टोचलेले वांगे आतल्या वाफेने फुटू शकते. देठाजवळचा भाग दाबून मऊ लागला की आतून शिजले असे समजावे. उणीव राहते धुराची. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे ती कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, आणि त्या धुराची सर विजेच्या कॉइलला येत नाही. यावर घरगुती उपाय आहे. ओव्हनमधून काढलेले वांगे गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटे फिरवून साल जाळून घ्या. आतून ओव्हनने शिजवले, वास ज्योतीने दिला, आणि वीस मिनिटे शेगडीही अडकून राहिली नाही.

रताळी, सुरण, बटाट्याच्या फोडी यांना तेलाचा हात पुरतो. लाल तिखट कोरडे भुरभुरू नका. गरम वाऱ्यात ते करपते. तेलात किंवा दह्यात कालवून लावा. बांगडा-सुरमईवरचा रवा कोरडा राहिला तर पांढराच राहतो, म्हणून त्यावरही तेलाचा फवारा हवा. फोडणी मात्र गॅसवरच. मोहरी तडतडायला आणि हिंग-हळदीचा वास सुटायला गरम तेलच लागते.

कढईतच शोभणारे पदार्थ

बटाटेवडा, कांदाभजी, अनारसे कढईतच करा. भाजणीची चकली ओव्हनमध्ये कडक होते, पण तिला तळणाचा हलकेपणा येत नाही. शंकरपाळे आणि करंज्या १६० अंशांवर बऱ्यापैकी भाजल्या जातात, फक्त त्यांचा पोत बिस्किटाकडे झुकतो. मोहन थोडे वाढवा आणि वरून दूध किंवा तुपाचा हात द्या. पातळ पोहे एअर फ्रायरमध्ये अजिबात घालू नका. ते उडून तापलेल्या कॉइलला चिकटतात, आणि तिथे पेट घेण्याचा धोका आहे. पापडही उडतो; त्यावर जाळी दाबून ठेवा.

आरोग्याच्या नावाखाली पदार्थ गडद तपकिरी होईपर्यंत भाजणे हेही चांगले नाही. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यांत ॲक्रिलअमाइड तयार होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२मध्ये ही गोष्ट जगापुढे आणली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये या द्रव्याने कर्करोग होतो, म्हणून ते टाळलेले बरे. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात भिजवून, पुसून घाला आणि सोनेरी रंगावर थांबा.

आपले यंत्र ओळखा

प्रत्येक ओव्हनचे कोपरे वेगळे तापतात. ट्रेभर पावाचे तुकडे मांडून १८० अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवा. जिथला तुकडा आधी लाल होईल तो तुमच्या ओव्हनचा तापट कोपरा. पुढे अर्ध्या वेळात ट्रे फिरवण्याची सवय लावा. ट्रे खच्चून भरू नका. वारा फिरला नाही तर पंख्याचा उपयोग शून्य. केक किंवा लादीपावासाठी कोपऱ्यात पाण्याची धातूची वाटी ठेवा, म्हणजे पृष्ठभाग लवकर सुकून फुटत नाही. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये ‘मायक्रोवेव्ह सेफ’ प्लास्टिक कन्व्हेक्शनवर चालत नाही, ते वितळते.

वीजही पाहा. १५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे सलग चालले तर अर्धे युनिट जाते. म्हणून एकदा तापवले की एकापाठोपाठ कामे उरका: आधी १६०वर नानकटाई, मग २००वर वांगी, आणि बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत खोबरे. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच हवी, एक्स्टेन्शन बोर्डला नको. मागची-बाजूची जागा मोकळी ठेवा.

या रविवारी फक्त शेंगदाणे भाजून बघा. किती अंश, किती मिनिटे आणि रंग कसा आला ते एका कागदावर लिहा आणि तो कागद ओव्हनच्या वरच्या कपाटाला आतून चिकटवा. पुढच्या आठवड्यात वडी, त्यानंतर भरीत. दोन-तीन महिन्यांत तुमच्या घराची, तुमच्या यंत्राची मराठी पुस्तिका तयार होईल. कंपनीने ती छापून दिलेली नाही. ती आपणच लिहायची आहे.