मस्टर : सही करायचं की गोळा करायचं?

महापे एमआयडीसीत कुठल्याही कंपनीच्या गेटवर 'मस्टर' म्हटलं की हजेरीचं रजिस्टर. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील रोज मस्टरवर सही करत आले. गावाकडेही हा शब्द जुना आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. त्या कामांवरही मस्टरवर नाव असेल तरच मजुरी.

पण इंग्रजीत 'मस्टर' हे क्रियापदही आहे, आणि तिथेच आपली गाडी अडते.

शब्दाचं मूळ लॅटिन 'मॉन्स्ट्रारे', म्हणजे दाखवणे. आपल्या लॅबमधलं 'डेमॉन्स्ट्रेशन' त्याच घराण्यातलं. पूर्वी सैनिकांना मैदानात एकत्र उभं करून मोजत, हत्यारं तपासत. ते मस्टर. म्हणजे नुसतं जमवणं नाही, तर मोजणीला उभं राहील असं जमवणं. तपासणीत पास होणं म्हणजे 'पास मस्टर', आपल्या भाषेत कसोटीला उतरणं.

आता वापर पाहू.

१) माणसं : 'द कॅप्टन मस्टर्ड हिज मेन.' कॅप्टनने आपली माणसं गोळा केली.

२) पाठिंबा : १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला २६९ मतं पडली, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. इथे 'द गव्हर्नमेंट कुड नॉट मस्टर अ मेजॉरिटी' हे वाक्य अगदी चपखल बसतं.

३) धैर्य : 'आय कुडन्ट मस्टर द करेज टु आस्क.' विचारायचा धीरच झाला नाही. 'मस्टर अप' म्हटलं तरी चालतं.

लक्षात ठेवा, जे सहज मिळतं त्याला मस्टर लावत नाहीत. नोट्स, वर्गणी, जर्नल्स यांना 'कलेक्ट'च बरं. जे कमी पडतंय, ओढूनताणून आणावं लागतंय, तिथे मस्टर. म्हणून हा शब्द 'कुड नॉट' किंवा 'ऑल द स्ट्रेंग्थ आय कुड मस्टर' अशा वाक्यांत जास्त भेटतो.

याचा सख्खा शेजारी 'समन'. 'समन अप करेज' म्हणजेही धीर एकवटणं. कोर्टाचं 'समन्स' त्यातूनच आलं. मूळ अर्थ बोलावणं.

हे सगळं लिहायचं कारण सांगतो. फर्स्ट इयरला व्हायव्हात मी 'आय कलेक्टेड करेज' म्हणालो आणि शेजारचा बॅचमेट फिसकन हसला. त्यानंतर सेमिस्टरभर मी एकही शंका विचारली नाही. उत्तरं येत होती, पण तोंड उघडत नव्हतं. मराठी मीडियममधून आलेल्या हॉस्टेलवरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. केटी बऱ्याचदा विषयाने नाही, या गप्प बसण्याने लागते.

पुढे कळलं, जो शब्द मला हवा होता तो घरात रोज बोलला जायचा. बाबा शिफ्टवरून उशिरा आले की म्हणायचे, "मस्टर बंद व्हायच्या आत पोचलो बाबा एकदाचा!"

तेव्हा इंग्रजी अगदीच परकी नाही. पुढच्या व्हायव्हात चुकलं तर चुकू दे, पण एक वाक्य बोला. सरांनाही विनंती, पोरगं अडखळलं तर दोन सेकंद थांबा. त्याचं मस्टर भरत असतं.