घरातील ‘सराउंड’ ध्वनी : वॉटच्या आकड्यांपेक्षा संवादाची स्पष्टता मोलाची

दूरचित्रवाणी संच जसजसे रुंद आणि सडपातळ होत गेले, तसतशी त्यांच्यातील स्पीकरची जागा आकसत गेली. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचात स्पीकर बहुधा पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकाकडे तोंड करून बसवलेला असे. आजच्या संचात तो बहुतेक वेळा खालच्या कडेला किंवा पाठीमागे असतो आणि त्याचा आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून मग कानापर्यंत येतो. परिणामी चित्र मोठे व देखणे दिसते, पण संवाद नीट कळत नाहीत. घरातील ज्येष्ठ मंडळी आवाज वाढवायला सांगतात आणि पुढच्याच प्रसंगात गाड्यांचा धडाका सुरू झाला की रिमोट शोधून तो कमी करावा लागतो.

यावरचा उपाय म्हणून अनेक कुटुंबे होम थिएटरकडे वळतात. दुकानात मात्र त्यांच्यासमोर येतात ते वॉटचे मोठाले आकडे, स्पीकरची संख्या आणि खोक्यावरची चकचकीत चिन्हे. मर्यादित खर्चात समाधानकारक ध्वनी हवा असेल, तर त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवणे आवश्यक आहे. संवाद कोणत्या स्पीकरमधून येणार? संचातून बाहेर पडणारा ध्वनी त्या स्पीकरपर्यंत कोणत्या मार्गाने जाणार? आणि खोलीत ते स्पीकर बसणार कुठे?

मधल्या स्पीकरचे महत्त्व

सभोवार घुमणाऱ्या ध्वनीची भारतीय प्रेक्षकांना जुनी ओळख आहे. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ने ७० मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी यांचा अनुभव दिला होता. आज घरोघरी परिचित असलेली ‘५.१’ ही रचना डिजिटल स्वरूपात चित्रपटगृहांत रुजली ती १९९० च्या दशकात. डॉल्बी डिजिटल पद्धतीचा ध्वनी १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर आला. या रचनेत समोर डावा, मधला व उजवा असे तीन आणि प्रेक्षकाच्या बाजूंना किंचित मागे दोन असे एकूण पाच स्पीकर असतात. दशांश चिन्हानंतरचा एक म्हणजे खोल, घुमारदार ध्वनीसाठीचा सबवूफर.

चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरसाठी ध्वनिमुद्रित केलेले असतात. संचाला दोनच स्पीकर असले, की हे संवाद, संगीत आणि इतर आवाज त्या दोघांत एकत्र मिसळले जातात. सोफ्याच्या बरोबर मध्यभागी बसलेल्याला तरीही संवाद पडद्यातून आल्याचा भास होतो. पण भारतीय घरात कोणी सोफ्याच्या टोकाला बसते, कोणी दिवाणावर, तर कोणी खाली सतरंजीवर. बाजूला बसलेल्याला आवाज जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतो आणि पडद्यावरील पात्राशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणूनच कमी खर्चात पहिला पैसा मधल्या स्पीकरवर खर्च होणे हिताचे ठरते. मागचे दोन स्पीकर वातावरणनिर्मिती करतात. कथा समजते ती मात्र समोरच्या मधल्या स्पीकरमुळे.

वॉटचा आकडा काय सांगतो?

खोक्यावरील ‘पीएमपीओ’ हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. त्याच्या मोजणीची सर्वमान्य पद्धत नसल्याने तो तुलनेला निरुपयोगी आहे. ‘आरएमएस’ हा सातत्याने मिळणाऱ्या शक्तीचा आकडा त्यापेक्षा विश्वासार्ह असतो. तरीही तो सर्व स्पीकरची बेरीज आहे की प्रत्येकाचा स्वतंत्र, हे पाहावे लागते. अनेक संचांत या बेरजेतील मोठा वाटा एकट्या सबवूफरचा असतो.

शिवाय शक्ती दुप्पट झाली म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. १०० वॉटऐवजी २०० वॉट घेतल्यास वाढ होते ती केवळ ३ डेसिबलची. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्याऐवजी स्पीकरची संवेदनशीलता पाहणे उपयुक्त. एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर तीन मीटरवर, खोलीचा परिणाम वगळूनही, सुमारे ७७ डेसिबल देतो. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ मध्यम आकाराच्या बैठकीच्या खोलीत रोजच्या ऐकण्यासाठी मोजकेच वॉट पुरतात. प्रचंड आकड्यांसाठी जास्त पैसे मोजणे म्हणूनच अनाठायी ठरते.

‘५.१’ लिहिले म्हणजे ५.१ मिळेलच असे नाही

बाजारात कमी किमतीचे अनेक ‘५.१’ स्पीकर संच मिळतात. त्यांत पाच छोटे स्पीकर आणि सबवूफर असतो, पण आवाज आत घेण्यासाठी ब्लूटूथ, यूएसबी आणि साधी ऑक्स जोडणी एवढेच मार्ग असतात. ऑक्स किंवा सर्वसाधारण ब्लूटूथमधून डावा व उजवा असे दोनच ध्वनिप्रवाह येतात. असा संच तोच आवाज पाचही स्पीकरमध्ये वाटतो. खोली आवाजाने भरते, पण पाठीमागून येणारी पावले किंवा बाजूने सरकणारा पाऊस त्यात वेगळा ऐकू येत नाही. खरा सराउंड ध्वनी हवा असेल, तर संचात एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी आणि डॉल्बी अथवा डीटीएस ध्वनी उलगडणारा डिकोडर असल्याची खात्री करावी.

‘डॉल्बी ॲटमॉस’ या चिन्हाबाबतही सावधगिरी हवी. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या तंत्रात आवाज डोक्यावरूनही येतो. घरगुती साउंडबारमध्ये त्यासाठी वर तोंड केलेले स्पीकर असतात आणि त्यांचा आवाज छतावर आपटून खाली येतो. त्यासाठी छत सपाट, कठीण आणि फार उंच नसलेले लागते. कोकणातील कौलारू उतरत्या छपराखाली किंवा आवाज शोषणाऱ्या मऊ पट्ट्यांच्या छताखाली हा परिणाम साधत नाही. काही स्वस्त साउंडबारवर ॲटमॉसचे चिन्ह असते, पण वरच्या दिशेचे स्पीकर नसतात. तिथे केवळ आभास निर्माण केला जातो. त्यामुळे ‘५.१.२’ मधील शेवटचा आकडा पाहावा. उंचीसाठीचे स्पीकर किती आहेत, हे तो आकडा सांगतो.

जोडणी योग्य, तर निम्मे काम फत्ते

संचाच्या मागे ‘एआरसी’ असे लिहिलेले एचडीएमआयचे छिद्र असते. एचडीएमआय १.४ या आवृत्तीबरोबर २००९ मध्ये आलेल्या या सोयीमुळे एकाच केबलमधून ध्वनी संचाकडून साउंडबारकडे जातो आणि बहुधा एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. ओटीटी सेवांवर वापरला जाणारा डॉल्बी डिजिटल प्लस ध्वनी आणि त्यातून येणारा ॲटमॉस यांच्यासाठी ही जोडणी पुरेशी असते. मात्र संच व साउंडबार दोघांनीही त्यांना साथ द्यायला हवी. ‘ई-एआरसी’ ही पुढची पायरी प्रामुख्याने ब्लू-रे तबकड्यांवरील उच्च दर्जाच्या ध्वनीसाठी लागते. ऑप्टिकल केबल जुन्या संचांना उपयोगी असली तरी तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ ध्वनीच जातो.

केबल जोडल्यावरही काम संपत नाही. अनेकदा संचाच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले असते आणि महागडा साउंडबारही दोनच ध्वनिप्रवाहांवर चालत राहतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ हा पर्याय निवडावा आणि संचाचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत. ओटीटीवरील एकाच चित्रपटाची एका भाषेतील ध्वनिपट्टी ५.१ आणि दुसऱ्या भाषेतील केवळ स्टिरिओ असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. जुने मराठी-हिंदी चित्रपट मुळातच एका ध्वनिप्रवाहाचे आहेत. ते पाहणाऱ्या घराला मागच्या स्पीकरपेक्षा समोरच्या चांगल्या स्पीकरचाच लाभ अधिक होतो.

खर्चानुसार पर्याय

ब्रँड, सवलती आणि हंगामानुसार किमती बदलत असल्या तरी निवडीचा क्रम साधारण असा ठेवता येतो. १० हजार रुपयांच्या आतबाहेर पाच स्पीकरचा मोह टाळून, एचडीएमआय एआरसी असलेला साधा २.१ साउंडबार घेणे श्रेयस्कर. शक्य असल्यास ३.१ निवडावा, कारण त्यात संवादासाठी स्वतंत्र मधला स्पीकर असतो.

१५ ते ३० हजार रुपयांच्या टप्प्यात मागच्या दोन स्वतंत्र स्पीकरसह येणारे ५.१ साउंडबार विचारात घेता येतात. त्यांतील ‘वायरलेस’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट विचारून घ्यावा. ध्वनी तारेविना पोहोचला तरी बहुतेक संचांत मागच्या स्पीकरला विजेची जोडणी लागतेच. काही संचांत दोन्ही मागचे स्पीकर तारेने एका पेटीला आणि ती पेटी विजेला जोडावी लागते. सोफ्यामागे प्लग नसेल, तर खरेदीनंतर भिंतीवरून तारा ओढण्याची वेळ येते.

५० हजार रुपयांच्या पुढे जाण्याची तयारी असेल, तर एव्ही रिसीव्हर आणि स्वतंत्र स्पीकर हा दीर्घकाळ टिकणारा मार्ग आहे. याचा मोठा फायदा म्हणजे खरेदी टप्प्याटप्प्याने करता येते. प्रथम रिसीव्हर आणि समोरचे तीन स्पीकर, नंतर सबवूफर, शेवटी मागची जोडी. एखादा स्पीकर बिघडल्यास तेवढाच बदलता येतो. साउंडबारमध्ये ही मुभा क्वचितच असते. स्पीकरच्या तारा घेताना तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमऐवजी शुद्ध तांब्याच्या घ्याव्यात. घरगुती अंतरासाठी १६ गेजची तार पुरेशी असते.

मांडणीला पैसे लागत नाहीत

समोरचे डावे-उजवे स्पीकर आणि प्रेक्षक यांचा समभुज त्रिकोण व्हावा, हा मूळ नियम. बैठक पडद्यापासून आठ फुटांवर असेल, तर दोन्ही स्पीकरमधील अंतरही सुमारे आठ फूट असावे. मधला स्पीकर पडद्याच्या लगेच खाली, कपाटाच्या खणात आत न ढकलता कडेशी आणून, श्रोत्याच्या कानाकडे किंचित कलवून ठेवावा. मागचे स्पीकर थेट पाठीमागे न ठेवता कानाच्या रेषेपासून थोडे मागे, बाजूंना आणि कानांपेक्षा एखाद-दोन फूट उंच बसवावेत.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की त्याचा घुमारा वाढतो, पण स्पष्टता घटते. त्याची योग्य जागा शोधण्याची सोपी युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून एखादे ठेकेदार गाणे लावावे आणि जिथे तो ठेवणे शक्य आहे अशा ठिकाणी खाली वाकून ऐकत जावे. जिथे ठेका सर्वांत सम आणि स्वच्छ ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवावा. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि काचेच्या खिडक्यांमुळे आवाज परावर्तित होऊन संवाद पुसट होतात. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

शेजारधर्म आणि नियम

खोल ध्वनी भिंती व स्लॅबमधून सहज पलीकडे जातो. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. सदनिकेत राहणाऱ्यांनी सबवूफर रबरी बैठकीवर ठेवावा आणि रात्री ‘नाइट मोड’ वापरावा. त्यामुळे स्फोटांचा आवाज आवरला जातो आणि हळू आवाजातील संवाद वर येतात. दिवसा संवाद न कळण्याच्या तक्रारीवरही हाच पर्याय अनेकदा उपयोगी पडतो.

खरेदीपूर्वी

दुकानात जाताना खोलीची लांबी-रुंदी, विजेच्या प्लगच्या जागा आणि संचाच्या मागील जोडण्यांचे छायाचित्र सोबत असावे. ऐकून पाहताना स्फोटांची जाहिरातवजा चित्रफीत न लावता ओळखीच्या चित्रपटातील संथ आवाजाचा, पार्श्वसंगीत असलेला संवाद लावण्याचा आग्रह धरावा. हमीचा कालावधी, गावात किंवा जवळच्या शहरात सेवा केंद्र आहे का आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारावे. पक्के बिल घ्यावे. तक्रारीचे निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

घरातील ध्वनियंत्रणेची खरी कसोटी पहिल्या दिवशीच्या दणदणाटात नसते. आवाज न वाढवता, सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजी-आजोबांनाही प्रत्येक शब्द कळला, तर निवड योग्य झाली असे समजावे.