मखर, लेझर आणि डमरूची कंबर

गणपतीला वीस दिवस उरले होते आणि मखराच्या कमानीचे पाच तुकडे वाया गेले होते. भाचीने संगणकावर नक्षी सुरेख काढली होती. ३ मिलिमीटरच्या प्लायवर ती सुबक कापलीही गेली. पण खऱ्या मखरासाठी १० मिलिमीटरचे अ‍ॅक्रिलिक घेतले आणि सगळेच बिनसले. वरची कड वितळली, चीर तिरकी गेली, आणि खालचे दोन मिलिमीटर कापलेच गेले नाहीत.

"मामा, पॉवर वाढवू या का?" तिने विचारले. वाढवली. कड आणखी वितळली.

दोष पॉवरचा नव्हता, फोकसचा होता. शाळेत आपण त्याला भिंगाची नाभी म्हणायचो. भिंगातून निघालेला किरण सुरीसारखा सरळ नसतो, त्याचा आकार डमरूसारखा असतो: वर रुंद, मध्ये बारीक कंबर, खाली पुन्हा रुंद. सगळी ताकद त्या कंबरेत एकवटते. कोरीवकाम किंवा पातळ प्लाय असेल, तर कंबर पृष्ठभागावर ठेवायची. जाड वस्तूत मात्र तसे केले, की किरण तळापर्यंत जाताना फाकतो आणि दुबळा होतो. म्हणून कंबर आत उतरवायची, जाडीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत. १० मिलिमीटरला साधारण ३ ते ५. त्यासाठी नॉझल नेहमीच्या अंतरापेक्षा तेवढे खाली आणायचे. फक्त ते शीटला घासत नाही ना, हे आधी पाहायचे.

पण मुळात फोकस नेमका कुठे आहे? लाकडाची एक पट्टी एका टोकाला उचलून तिरपी ठेवा आणि कमी पॉवरवर तिच्यावर एक लांब रेघ मारा. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथे कंबर. तिथून नॉझलपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहून ठेवा.

भिंगही महत्त्वाचे. २ इंची भिंगाऐवजी ४ इंची लावले, तर कंबर दुप्पट जाड होते, पण तिची लांबी सुमारे चौपट होते. नाजूक नक्षीला पहिले बरे, जाड शीटला दुसरे. वेग कमी ठेवा, हवेचा झोत चालू ठेवा. दोन फेऱ्यांत कापायचे असेल, तर दुसऱ्या फेरीला फोकस आणखी खाली घ्या. आणि दोन गोष्टी कधीच करू नका: चालू मशीन सोडून चहाला जाणे आणि पीव्हीसी कापणे. पहिलीत आग लागते, दुसरीत विषारी वायू निघतो.

हे यंत्र आपल्याला परके नाही. यातला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या काचेतून जातही नाही. म्हणून भिंग झिंक सेलेनाइडचे, पिवळसर असते.

आणि आपल्या इंदूरचे 'कॅट', म्हणजे आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ मध्ये स्थापन झाले आणि ते लेझरवरही काम करते. अणुभट्टीत किरणोत्सारामुळे माणसाला फार वेळ थांबता येत नाही. तिथले धातूचे भाग कापायला इथल्या शास्त्रज्ञांनी तंतूतून दूरवर किरण नेणारे लेझर बनवले. तिथेही प्रश्न तोच: किरणाची कंबर नेमकी कुठे ठेवायची?

आम्ही नॉझल ४ मिलिमीटर खाली घेतले, वेग कमी केला. सहावा तुकडा आरपार निघाला, कड काचेसारखी. भाचीने तो उजेडात धरून पाहिला आणि लगेच सातवा लावला.

यंदा तुमच्या घरी कोणी मखर कापणार असेल, तर महागाच्या शीटला हात लावण्याआधी तिरप्या पट्टीची परीक्षा नक्की करा.