पडद्यावरची अरबी सही

कतारची राजधानी दोहा येथून १ नोव्हेंबर १९९६ रोजी 'अल जझीरा' ही उपग्रह वाहिनी सुरू झाली. ज्योतीच्या आकारात गुंफलेले अरबी सुलेखनातले नाव हेच तिचे बोधचिन्ह. २००६ मध्ये तिची इंग्रजी वाहिनी निघाली, तरी चिन्ह अरबीच राहिले. घरातल्या अरबी कायदा शिकणाऱ्या मुलांनी त्यातला 'जीम' शोधून दाखवला, की आम्हांला कौतुक वाटते. पण वाहिनीचे चिन्ह म्हणजे नुसती सजावट नव्हे. 'ही बातमी आमची' अशी ती सही असते. आज मोबाइलवर कोणीही ती सही खोट्या चित्रफितीवर चिकटवू शकतो. म्हणून चित्रफीत नातेवाइकांना पाठवण्याआधी ती मूळ वाहिनीवर दाखवली आहे का, याची आपण तहकीक करू या. मुलांना अक्षरओळख देतो, तशी हीही सवय लावू या.