ऑक्सिजन लावला, तरी आकडा का वाढत नाही?



वस्तीतलं कोणी दम लागून आयसीयूत गेलं की बाहेर बसलेल्या घरच्यांना हा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर फुप्फुसातल्या रक्तात असतं.

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. फुग्यात हवा यावी आणि त्याच्याभोवती रक्त फिरावं, तेव्हाच ऑक्सिजन अंगात जातो. न्यूमोनियात फुगे पू-पाण्यानं भरतात; रक्त ऑक्सिजन न घेताच परततं. रक्ताची गाठ अडकली तर उलटं होतं: हवा येते, रक्त येत नाही. दम दोन्हींत सारखाच, उपचार वेगळे. व्हेंटिलेटरचा दाब फार झाला तरी चांगल्या फुग्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या दबतात.

पूर्वी हे बघायला मानेच्या शिरेतून हृदयापार नळी घालत. १९७० मध्ये आलेली ही स्वान-गांझ नळी आजही काहींना लागते. पण आता बरंच बाहेरून कळतं.

बोटाचा ऑक्सिमीटर : रक्तातला ऑक्सिजन सांगतो, फुप्फुसातलं रक्त नाही. थंड बोट, मेंदी, नेलपॉलिश यांनी चुकू शकतो. काळ्यासावळ्या त्वचेवर आकडा जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांची ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा यंत्राच्या नजरेतून सुटली होती.

इको : हृदयाची सोनोग्राफी, खाटेजवळच होते. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत दाब किती, याचा अंदाज येतो.

छातीचा पट्टा (ईआयटी) : १६ किंवा ३२ इलेक्ट्रोडमधून न जाणवणारी वीज सोडून हवा कुठे पोचते ते दिसतं. शिरेतून थोडं मिठाचं पाणी दिलं की रक्त कुठे पोचतं तेही दिसतं. पट्टा मोजक्याच रुग्णालयांत असतो. तो नसला तरी उपचार होतात.

घरच्यांनी काय करावं?

- आकडा ९४ च्या खाली आला तर डॉक्टर गाठा. ९० च्या खाली आला, ओठ निळे पडले किंवा बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर लगेच १०८ ला फोन करा.
- आकडा चांगला, पण दम लागतोय? दमावर विश्वास ठेवा.
- डॉक्टरांना विचारा : "अडचण हवेची की रक्ताची? इको झाला का?"
- महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

विचारल्याशिवाय मानू नये, ही तर बुद्धांची शिकवण. दवाखान्याच्या दारातही ती विसरू नका.