हिमहंसांचे आधिक्य आणि शासनाचे उपाय

हंस म्हटला की भारतीय वाचकाच्या मनात मानससरोवर उभे राहते, नीरक्षीरविवेकाची आठवण होते. दुर्मिळता हा जणू त्या पक्ष्याचा स्वभावधर्मच, अशी आपली समजूत असते. म्हणून हंसांची संख्या अतोनात वाढली व ती घटविण्यासाठी शासनाला कायदा करावा लागला, हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु उत्तर अमेरिका खंडात नेमके हेच घडले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील हिमहंस आपल्याच जन्मभूमीचा नाश करू लागले आणि ज्या दोन राष्ट्रांनी दीर्घकाळ त्यांना संरक्षण दिले, त्यांनाच त्यांच्यावर बंदूक रोखावी लागली.

हिमहंस वर्णाने शुभ्र. पंखांची टोके तेवढी काळी. उन्हाळ्यात तो कॅनडाच्या उत्तरेकडील टंड्रा प्रदेशात मोठमोठ्या वसाहती करून अंडी घालतो आणि थंडीपूर्वी दक्षिणेकडे प्रयाण करतो. पूर्वी त्याचा हिवाळा मेक्सिकोच्या आखाताकाठी, लुइझियाना व टेक्सस येथील खाजणांत जात असे. खाजणातील वनस्पती मर्यादित, त्यामुळे हिवाळा तगून परत जाणारे पक्षीही मर्यादित. विसाव्या शतकात ही स्थिती पालटली. किनाऱ्यालगत भातशेती विस्तारली, प्रवासमार्गावर मका व गहू यांची अफाट शेते आली आणि रासायनिक खतांनी त्यांचे उत्पन्न वाढले. कापणीनंतर शेतात सांडलेल्या धान्यावर हंसांचे थवे पोसले जाऊ लागले. मार्गावर जागोजागी स्थापन झालेल्या अभयारण्यांनी त्यांना निर्धास्त विसावाही दिला. १९६९ च्या सुमारास खंडाच्या मध्यभागातील हिमहंसांच्या हिवाळी गणतीत सुमारे आठ लाख पक्षी आढळत. शतकाच्या अखेरीस हा आकडा तिपटीहून अधिक झाला. प्रत्यक्ष संख्या गणतीपेक्षाही पुष्कळ मोठी होती.

हिवाळ्यातील या सुबत्तेची किंमत उन्हाळ्यातील भूमीने मोजली. हडसन उपसागराच्या काठी, चर्चिल गावाजवळ ला पेरूज नावाचा लहान उपसागर आहे. तेथे फ्रेड कूक यांनी १९६८ पासून हंसांच्या वसाहतीचा अभ्यास आरंभिला. पुढे रॉबर्ट जेफरीज यांनी तेथील वनस्पतींकडे लक्ष पुरविले. संख्या माफक असताना हंस व गवत एकमेकांस पूरक ठरतात, असे दिसून आले. हंस गवत खुडतात, त्यांच्या विष्ठेतून जमिनीस नत्र मिळते आणि गवत पुन्हा जोमाने फुटते. संख्या वाढताच मात्र हेच चक्र उलटे फिरते. वसंतात कोंब फुटण्यापूर्वीच भुकेले थवे चोचीने जमीन उकरून मुळे व खोड खातात. उघड्या पडलेल्या मातीतून बाष्पीभवन वाढते. ही भूमी एके काळी समुद्राचा तळ होती. त्या गाळातील क्षार वर येतात आणि माती इतकी खारट होते की तेथे गवत रुजत नाही. मग हंस पुढच्या गवताकडे वळतात. हडसन व जेम्स उपसागरांच्या काठच्या खाजणांपैकी एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग नष्ट झाला, जवळजवळ तितक्याच भागाची हानी झाली आणि उरलेला अतिचराईखाली आहे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. त्याच खाजणांवर जगणारे इतर पाणपक्षीही यामुळे निराधार होत होते.

उपाय योजावयाचा तर कायदा आडवा येत होता. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात झालेल्या स्थलांतरी पक्ष्यांविषयीच्या तहाने १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात शिकारीस बंदी घातली होती. हंस उत्तरेकडे परततात ते नेमके याच काळात. तथापि, असाधारण परिस्थितीत पक्षी शेतीस किंवा अन्य हितांस घातक ठरल्यास त्यांना मारण्याची परवानगी देता येईल, अशी तरतूदही त्याच तहात होती. तिचा आधार घेऊन अमेरिकन शासनाने फेब्रुवारी १९९९ मध्ये नवे नियम काढले. त्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली व ते मागे घ्यावे लागले. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून ते पुन्हा अंमलात आणले. कॅनडानेही १९९९ मध्येच वसंतातील शिकारीस वाट करून दिली. एरवी निषिद्ध असलेली विद्युत्-ध्वनियंत्रे वापरण्यास मुभा मिळाली आणि दैनिक मर्यादा काढून टाकण्यात आली. पक्ष्यांची संख्या निम्म्यावर आणणे हा उद्देश होता.

फलित मात्र दोन ठिकाणी भिन्न निघाले. पूर्वेकडील मोठ्या जातीचे हिमहंस विसाव्या शतकाच्या आरंभी केवळ काही हजार उरले होते; १९९९ पर्यंत ते दहा लाखांच्या घरात पोचले. परतीच्या वाटेवर ते क्वेबेक प्रांतातील सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात एकवटतात, म्हणजे शिकाऱ्याच्या टप्प्यात येतात. तेथे वाढ थांबली. खंडाच्या मध्यभागी मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासाने निराळेच चित्र दाखविले. मारले जाणारे हंस संख्येने वाढले होते, परंतु एकूण संख्येशी त्यांचे प्रमाण फारसे वाढले नव्हते. संख्या वाढतच होती. धान्याने जितके हंस जगविले, तितके बंदुकीला मारता आले नाहीत. त्यानंतरच्या काळात ही संख्या उतरणीस लागली आहे, पण तिचे मुख्य कारण पिल्लांचे घटलेले प्रमाण हे होय.

या प्रकरणात शासनाची उदासीनता नव्हती. अभ्यास झाला, कायदाही झाला. परंतु आधिक्याचे मूळ शेतात होते आणि उपाय शिकाऱ्याच्या हाती सोपविला गेला. शेतीला हात लावणे कोणत्याही शासनास सोपे नव्हते. शिवाय, संरक्षणाचा कायदा रचताना टंचाईचाच विचार झालेला असतो. विपुलतेपुढे तो गोंधळून जातो. आपल्याकडील १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमातही अपवादाची तरतूद आहे आणि २०१५ मध्ये बिहारमधील नीलगायींना तीच लागू झाली. अशा वेळी किती प्राणी मारावेत, यापूर्वी ते कशाच्या बळावर वाढले, हे विचारले गेले पाहिजे. हडसन उपसागराकाठच्या उजाड खाजणांवर गवत परतण्यास अनेक दशके लागतील. तो प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर त्यांतील काही भाग तरी वाचला असता.